विकास आराखड्यातला रस्ता कसा वाचायचा आणि हरकत कशी लिहायची: सोलापूरकरांसाठी

प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची आणि रस्ते कुठून न्यायचे याचा कच्चा आराखडा, जाहीर झाला की नकाशासमोर गर्दी होते आणि प्रत्येक जण एकच गोष्ट शोधत असतो: माझ्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का, म्हणजे तो रस्ता, शाळा, बाग अशा कामासाठी राखून ठेवलाय का? नसेल तर हुश्श करून घरी जातो. मी नगररचनेच्या कामात आरेखक म्हणून नोकरी केली, आयुष्यभर असेच नकाशे काढले. आता निवृत्तीनंतर जुळे सोलापूर, शेळगी, बाळे, जिथून बोलावणं येईल तिथे आराखडा वाचून द्यायला जाते. आरक्षण बघा, जरूर बघा. पण त्याच बैठकीत हेही बघा, की तुमच्या भागात पुढच्या वीस वर्षांत किती माणसं राहायला येणार आणि ती रोज कुठल्या रस्त्यानं कामाला जाणार. पहिल्याचं उत्तर नकाशातल्या रंगांत असतं, दुसऱ्याचं रेषांत. रंग आणि रेषा एकमेकांशी जुळतात का, हे तपासायला मात्र कुणी बसत नाही. ते कसं तपासायचं, तेवढंच इथे लिहिते आहे.

हे का करायचं, ते कुंभारीला गेल्यावर कळतं. अक्कलकोट रोडनं शहराबाहेर पडलं की दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. इथे आधी विडी कामगारांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, २००६ मध्ये. नंतर रे नगर आलं, असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरं. त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला दिला गेला. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर उभं राहणाऱ्या माणसाला स्वतःचं पक्कं घर मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. आता हिशेब बघा. घरटी चार माणसं धरली तरी एकट्या रे नगरची वस्ती १ लाख २० हजार होते. कारखाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि पूर्व भागात. सिव्हिल हॉस्पिटल शहरात, बहुतेक कॉलेजं शहरात. विडीच्या बाईला पान-तंबाखू आणायला आणि वळलेली विडी जमा करायला जावंच लागतं. घरं ग्रामपंचायतीच्या हद्दीत, बस महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची, आणि मधला रस्ता राष्ट्रीय महामार्ग. एकाच बाईच्या एकाच फेरीत तीन वेगवेगळी कार्यालयं येतात. प्रत्येकाकडे आपापल्या तुकड्याचा कागद आहे. अख्ख्या फेरीचा कागद कुणाकडेच नसतो.

तो कागद आपण तयार करायचा.

आधी काय काय गोळा करायचं

प्रारूप आराखडा जाहीर झाला की नकाशे आणि अहवाल पाहणीसाठी खुले ठेवावे लागतात, शुल्क भरून प्रती मिळतात. लोक फक्त प्रस्तावित भूवापर नकाशा घेतात. त्याच्यासोबत विद्यमान भूवापर नकाशा घ्याच, म्हणजे आज जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय बदल कळत नाही. तिसरी गोष्ट विकास योजना अहवाल. तो जाड असतो, कंटाळवाणा असतो आणि खरं उत्तर त्यातच असतं. त्यात लोकसंख्येचा अंदाज कुठल्या वर्षापर्यंतचा धरलाय आणि वाहतुकीच्या प्रकरणात तोच आकडा वापरलाय का, एवढं आधी शोधा. लोकसंख्या एका प्रकरणात वाढलेली आणि रस्त्याच्या प्रकरणात आजचीच, असं दिसलं तर तुमची पहिली हरकत तिथेच तयार झाली.

सोबत आपला सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आणि भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा ठेवा. हद्दवाढ भागात हे विशेष गरजेचं आहे. १९९२ ला हद्दवाढ झाली आणि ३३ चौरस किलोमीटरचं शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरचं झालं. सोरेगाव, बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे अशी गावं शहरात आली, पण शेताचे बांध जसेच्या तसे राहिले. गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जमिनीत रस्ता म्हणून सोडलेली पट्टी कागदावर असते, जागेवर नसते. उलटही असतं.

पट्टी लावून बघा

नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं असतं. समजा १:५००० आहे. मग कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. २४ मीटर रुंदीचा रस्ता कागदावर जेमतेम पाच मिलिमीटरचा दिसेल. प्रमाण १:१०,००० असेल तर अडीच मिलिमीटरसुद्धा भरणार नाही, आणि रेषेचीच जाडी त्यात धरली तर तुमच्या दारातून गेला की मागच्या बोळातून, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून झेरॉक्सवर किंवा मोबाइलच्या फोटोवर कधी मोजू नका. झेरॉक्स मशीन नकाशा थोडा लहान-मोठा करतं. नकाशावर जी आलेखी मापपट्टी छापलेली असते, तिच्याशी आपली पट्टी आधी जुळवून घ्या, मग मोजा. शंका राहिली तर स्वतः अंदाज बांधू नका, त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जमीन कुठल्या विभागात येते त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (तेवढ्याच भागाचा नकाशा) रीतसर अर्ज करून मागा.

रंगांची सूची आधी वाचायची. साधारणपणे पिवळा रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग, हिरवा शेती किंवा मोकळी जागा. तरी आपल्या शीटवरची सूचीच खरी मानायची. एमआयडीसीच्या क्षेत्रात महापालिकेच्या नकाशात फार तपशील सापडणार नाही, कारण तिथे एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. तिथल्या शिफ्ट सुटल्यावर बाहेर पडणारी गर्दी मात्र महापालिकेच्या चौकात येते.

मग एक पिवळा तुकडा निवडा. आपल्याच भागातला. त्यावर बोट ठेवा आणि तिथून कामाच्या ठिकाणापर्यंत, दवाखान्यापर्यंत, स्टेशन-एसटी स्टँडपर्यंत बोट न उचलता रस्त्या-रस्त्यानं जा. ज्या तीन ठिकाणी हमखास बोट अडतं ती सांगते. पहिलं, जुन्या हद्दीची रेषा: बाहेर २४ मीटर असलेला रस्ता आत शिरताना १२ होतो. दुसरं, रेल्वे रूळ. आपलं शहर रुळांनी कापलेलं आहे, पलीकडे जायच्या जागा मोजक्या, आणि पूल रुंद करायचा तर महापालिकेला एकटीला जमत नाही, मध्य रेल्वे लागते. तिसरं, आजची महापालिकेची हद्द, जिथे प्रस्तावित रस्ता रेषेवर येऊन थांबतो. पलीकडच्या गावात त्याला पुढचा तुकडाच नसतो.

रस्त्याची रुंदी म्हणजे माणसांची संख्या

ही गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सगळ्यात जास्त वेळ समजावते. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. दाट वस्तीबाहेर, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१० मिळतो. ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकामाचा हक्क) धरून तो ३.०० पर्यंत जातो. एक हेक्टरचा तुकडा घ्या. शंभर चौरस मीटरचा एक फ्लॅट धरला तर अरुंद रस्त्यावर ११० घरं, रुंद रस्त्यावर ३००. म्हणजे आराखड्यात कुणी एका रस्त्याची रुंदी वाढवली, तर त्यानं वाहतुकीची सोय केली हे अर्धंच खरं. त्यानं त्या रस्त्याकडेला जवळजवळ तिप्पट माणसं राहायला आणायचीही मुभा दिली.

त्यामुळे ‘आमचा रस्ता रुंद करा’ एवढीच मागणी करू नका. तिच्याबरोबर बसथांब्याची जागा मागा, पदपथ मागा, शाळा आणि भाजी मंडईचं आरक्षण त्याच पट्ट्यात मागा, म्हणजे निम्म्या फेऱ्या चालत होतील. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात भूवापर आणि वाहतूक यांचं नियोजन एकत्र करायला स्पष्ट सांगितलेलं आहे. हरकतीत त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

आणि रुंदी जमिनीवर कधी येणार, हेही विचारा. आराखडा वीस वर्षांसाठी असतो. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे, मंजुरीनंतर दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालक प्राधिकरणाला ‘जमीन खरेदी करा’ अशी नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत प्राधिकरणानं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. यात मालकाचा दोष नाही, त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण मधलाच एक सर्व्हे नंबर सुटला की रस्ता दोन तुकड्यांत राहतो, आणि दोन्ही बाजूंच्या इमारती तोवर उभ्या राहिलेल्या असतात. म्हणून हरकतीत टप्पा मागायचा: आधी मधला तुटलेला दुवा, मग टोकं.

हद्दीपलीकडे बघा

सोलापूरची वाहतूक सोलापुरात सुरू होत नाही. पुणे–हैदराबादचा महामार्ग ६५, धाराशिवकडून येऊन विजयपूरला जाणारा ५२, सांगली-कोल्हापूरकडून येणारा १६६, सगळे इथे एकत्र येतात. केगाव ते हत्तूर बाह्यवळण झाल्यानं विजयपूरकडची जड वाहनं शहराबाहेरून जाऊ शकतात. पण बाह्यवळणाच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडायला लागले, की तिथे चौक येतो, गतिरोधक येतात, टपऱ्या येतात आणि काही वर्षांत त्याचा गावातला रस्ता होतो. मग लोक दुसऱ्या बाह्यवळणाची मागणी करतात. ते थांबवायची वेळ आजची आहे. बाह्यवळणालगत रहिवास नको, गोदामं आणि ट्रक टर्मिनस चालेल, आणि तेही सेवा रस्त्यावरूनच, असं आपण लिहून द्यायला हवं. हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात कांद्याच्या हंगामात ट्रकांची रांग ज्यांनी बघितली आहे त्यांना हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

गावठाणालगतचा नियमही माहीत असू द्या. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला रहिवासासाठी अकृषिक मानलं जातं. शेतकऱ्याला ते सोयीचं आहे. मात्र शहराला खेटून असलेल्या गावांत घरं याच वेगानं उगवतात आणि आराखड्याला पत्ता लागायच्या आत.

पुढे येणारी कामंही आपल्या शीटवर पेन्सिलीनं काढून ठेवा. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे. सुरत–चेन्नई महामार्गाची आखणी अक्कलकोट तालुक्यातून जाते. स्टेशन जिथे येणार त्याच्या अर्धा-एक किलोमीटर परिघात कुठला रंग आहे? तिथे हिरवा असेल तर दहा वर्षांनी तिथे वेडीवाकडी वस्ती झालेली असेल, कारण जमीन कुणाची वाट बघत नाही.

जमीन आणि वाहतूक एकमेकांना न विचारता वाढली की काय होतं, हे आपण होटगी रोडला बघितलं आहे. विमानांच्या मार्गात साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी, वर्षानुवर्षांचा वाद, आणि शेवटी १५ जून २०२३ ला ती पाडली गेली. गोव्याची विमानसेवा सुरू व्हायला जून २०२५ उजाडला. कुणाची बाजू बरोबर यावर गावात अजून भांडणं होतात, मला त्यात पडायचं नाही. कारखान्यामागे हजारो ऊस उत्पादक उभे होते आणि विमानसेवेमागेही गावाची रास्त अपेक्षा होती. दोन्ही नकाशे वेळेवर एका टेबलावर आले असते तर एवढी किंमत कुणालाच मोजावी लागली नसती. विमानतळाजवळ घर किंवा कारखाना बांधणाऱ्यांनी उंचीच्या मर्यादेचा नकाशा आधी मागावा, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

चौकातली मोजणी

हरकतीला आकड्याचं बळ लागतं, आणि तो आकडा तुम्ही स्वतः आणू शकता. तिघं-चौघं मिळून एका चौकात उभे राहा: सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ. प्रत्येकानं एकच दिशा घ्यायची. वहीत पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा आणि वाहनाचा प्रकार वेगळा नोंदवा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

नुसती वाहनं मोजून भागत नाही. दुचाकी आणि उसाचा ट्रॅक्टर सारखी जागा अडवत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या कोष्टकात मोटारीला १, दुचाकीला ०.५, ट्रक किंवा बसला ३ आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४.५ असा भार धरलेला आहे. बैलगाडीला तर ८. समजा पंधरा मिनिटांत २०० दुचाकी, ४० मोटारी, २० ट्रक आणि १० ट्रॅक्टर गेले. भार झाला १०० अधिक ४० अधिक ६० अधिक ४५, म्हणजे २४५. दहा ट्रॅक्टरांचा भार चाळीस मोटारींपेक्षा जास्त. शहरी रस्त्यांचं कोष्टक वेगळं आहे. आपला चौक ज्या प्रकारच्या रस्त्यावर असेल ते वापरा आणि कुठलं वापरलं ते लिहा.

मोजणी गाळप हंगामात एकदा आणि हंगामाबाहेर एकदा करा. मे महिन्यातली मोजणी दाखवून ‘इथे काही अडचण नाही’ असं कुणी म्हणालं, तर डिसेंबरचे रकाने पुढे ठेवता येतात. सणावाराचा, गड्ड्याच्या यात्रेचा दिवस मात्र घेऊ नका. तो आकडा हरकती ऐकणारी नियोजन समिती बाजूला ठेवते आणि त्याच्याबरोबर तुमचे बाकीचे आकडेही.

चालणाऱ्यांना मोजायला विसरू नका. शाळा सुटताना रस्ता ओलांडणारी मुलं कुठल्याच भारात येत नाहीत.

हरकत लिहिताना

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली नोटीस राजपत्रात आल्यापासून ३० दिवसांत हरकती आणि सूचना द्यायच्या असतात. दिवस लवकर सरतात, पहिल्या आठवड्यातच कागद मिळवा.

पत्र एक-दोन पानांचं पुरे. वर शीट क्रमांक, सर्व्हे नंबर, रस्त्याची रुंदी. मग एका वाक्यात मागणी. मग कारण, त्यात भूवापर आणि रस्ता दोन्ही एकाच वाक्यात यायला हवेत. असं काहीतरी:

“स. नं. अमुक ते तमुक या पट्ट्यात रहिवास विभाग प्रस्तावित आहे. अहवालातील घनतेनुसार येथे सुमारे इतकी लोकसंख्या अपेक्षित आहे. या पट्ट्यातून एमआयडीसीकडे जाणारा प्रस्तावित २४ मीटर रस्ता जुन्या हद्दीजवळ १२ मीटर होतो. सोबतच्या मोजणीनुसार त्या ठिकाणी सध्याच इतका भार आहे. सबब रस्त्याची रुंदी सलग ठेवावी, किंवा सदर पट्ट्यातील घनता कमी करावी, आणि बसथांब्यासाठी जागा आरक्षित करावी.”

‘किंवा’ महत्त्वाचा आहे. समितीला पर्याय दिला की तिला उत्तर द्यावं लागतं. ‘अन्याय दूर करावा’ असं मोघम लिहिलं तर ‘नोंद घेतली’ एवढ्यावर भागतं. एकाच छापील मजकुरावर पाचशे सह्या गोळा करण्यापेक्षा वेगवेगळ्या वीस माणसांनी आपापलं कारण लिहिलेलं बरं: रिक्षावाल्याचं वेगळं, यंत्रमाग कामगाराचं वेगळं, शाळेतल्या बाईंचं वेगळं. पूर्व भागात कुणाला तेलुगूत बोलणं सोपं जातं, त्यांच्याकडून ऐकून मराठीत लिहून द्या. आमच्या ओळखीतले एक अण्णा गल्लीतल्या बायकांच्या हरकती अशाच लिहून देतात, आणि त्या माझ्यापेक्षा नेमक्या असतात.

प्रती ठेवताना महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम, रेल्वेचं विभागीय कार्यालय, एमआयडीसी, एसटी, परिवहन उपक्रम, यांपैकी ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांना ‘प्रत माहितीसाठी’ द्या. एका कार्यालयात मला सरळ सांगितलं होतं, हद्दीबाहेरचं आमच्याकडे आणू नका. अशा वेळी भांडायचं नाही. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेऊन यायची. पुढे ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही’ असं म्हणायची सोय त्या शिक्क्यानं बंद होते.

महामार्गाच्या भूसंपादनाची वाट निराळी आहे. तिथे १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. आराखड्याच्या ३० दिवसांशी गल्लत करू नका.

सुनावणी आणि त्यानंतर

नियोजन समितीपुढे वेळ थोडा मिळतो. नकाशाचा तुकडा मोठा करून न्या, त्यावर एक घर, एक कारखाना आणि त्यामधला रस्ता एवढंच लाल पेननं काढलेलं असू द्या. बोलायला एकच माणूस उभा करा.

समितीच्या अहवालानंतर आराखडा कलम ३० खाली शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो. इथे लोक लक्ष काढून घेतात. शासनानं मोठे बदल केले असतील तर ते भाग वगळून, ईपी (एक्स्क्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणून, पुन्हा हरकतींसाठी जाहीर होतात. तुमचा रस्ता त्यात आहे का ते बघा. मंजुरीनंतरचे किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली होतात आणि त्यांचीही नोटीस निघते; ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असते, म्हणून भागातल्या एकानं तेवढं वाचायचं काम अंगावर घ्यावं. आपल्या हरकतीवर काय शेरा पडला हे कळलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि फाइलचं अवलोकन मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. शेऱ्याची प्रत, पोच, मोजणीची वही आणि नकाशा एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल भागातल्या वाचनालयात किंवा मंडळाच्या कपाटात द्या, कुणा एकाच्या घरी नको.